आधी झाडाचा परवाना, मग दुकानाचा

साष्टी बेटावरच्या दारूच्या परवान्याची गोष्ट दुकानापासून नव्हे, झाडापासून सुरू होते. आज विलेपार्ले पश्चिमेला इर्ल्याच्या बाजारातून जुहूकडे निघालं की दोन्ही अंगांना इमारतीच लागतात. दीडशे वर्षांपूर्वी हा पट्टा भातखाचरांचा, वाड्यांचा आणि ताडामाडांचा होता. पहाटे कमरेला कोयती आणि मडकं बांधून भंडारी झाडावर चढे आणि रात्रभर ठिबकलेला रस उतरवून आणी. उन्हं चढायच्या आत प्यायली तर ती नीरा. दुपारपर्यंत आंबली की ताडाची ताडी आणि माडाची माडी. गावठाणातल्या ख्रिस्ती घरांचं लग्न असो की शेतावरच्या मजुराची न्याहारी, त्यासाठी दुकान लागत नसे. झाडाच्या बुंध्याशीच विक्री होई आणि गिऱ्हाइकाला झाड ठाऊक असे, झाडाला गिऱ्हाईक.

१८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला आणि या साध्या व्यवहाराला कागद चिकटला. रस काढायचा तर सरकारचा परवाना हवा आणि प्रत्येक झाडामागे कर भरायचा. ताडीपासून घरच्या घरी दारू गाळण्याची जुनी रीत मोडीत निघाली. अबकारी खात्याचे आयुक्त चार्ल्स प्रिचर्ड यांनी मुंबई इलाख्यात जी घडी बसवली, तिच्यात भट्ट्या मोजक्या ठिकाणी एकवटल्या, गाळण्याचा मक्ता मोठ्या ठेकेदारांकडे गेला आणि किरकोळ विक्रीच्या हक्काचा लिलाव होऊ लागला. १८९२ मध्ये सरकारने मोहाच्या फुलांसाठी वेगळा कायदा करून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत ती साठवण्यावर आणि विकण्यावर बंधनं घातली. साष्टी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती, म्हणून पार्ल्याच्या आसपासची वस्तीही या कायद्याखाली आली.

सरकारचं अधिकृत म्हणणं असं की, लोकांनी कमीत कमी प्यावं आणि त्यातून जास्तीत जास्त महसूल मिळावा. या वाक्यातली दोन टोकं एकमेकांना ओढत होती आणि लिलावाच्या दिवशी कोणतं टोक जिंकतं हे सर्वांना दिसत होतं. दुकानांची संख्या आणि जागा अधिकारी ठरवत, तिथे कोण बसणार ते सर्वांत मोठी बोली ठरवी. ज्या आळीत दुकान उघडणार त्या आळीला यात कुठेही जागा नव्हती.

आळीला का विचारत नाही, हा प्रश्न त्या काळातही विचारला गेला, आणि तो थेट लंडनपर्यंत गेला. ३० एप्रिल १८८९ रोजी ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सने सॅम्युअल स्मिथ यांचा ठराव संमत केला. हिंदुस्थानातलं अबकारी धोरण दारूचा प्रसार वाढवतं, असा त्याचा रोख होता. डब्ल्यू. एस. केन यांच्यासारखे मद्यपानविरोधी खासदार या चळवळीचे आधारस्तंभ होते आणि काँग्रेसची मंडळी त्यांच्याशी जोडलेली होती. त्यानंतर हिंदुस्थान सरकारनेही दुकानाची जागा ठरवताना स्थानिक मत विचारात घ्यावं, असं धोरण कागदावर मांडलं. पुढे शहरांमध्ये अबकारी सल्लागार समित्या आल्या आणि त्यांत नगरपालिकांचे प्रतिनिधी बसू लागले. पण समितीच्या नावातच तिची मर्यादा होती. तिने सल्ला द्यायचा आणि निर्णय खात्याने घ्यायचा.

सल्ल्यावर समाधान न मानणारा माणूस पुण्यात होता. १९०८ च्या उन्हाळ्यात पुण्यात दारूच्या दुकानांसमोर स्वयंसेवक उभे राहू लागले. ते येणाऱ्याला हात जोडून परत जायला सांगत. या चळवळीमागे लोकमान्य टिळक उभे होते. दारूविरोध हा त्यांच्या लेखी केवळ नीतीचा प्रश्न नव्हता. लोकांना नको असलेलं दुकान सरकार महसुलासाठी लोकांच्या दारात आणून बसवतं, हा त्यांचा मुद्दा राजकीय होता. त्याच वर्षी टिळकांना अटक झाली आणि ते मंडालेला गेले.

पार्ल्याच्या इतिहासात टिळकांचं हे रूप आठवायला कारण आहे. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले. पुढच्याच वर्षी पार्ले टिळक विद्यालय उभं राहिलं आणि १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ. गिरगाव-दादरच्या चाळींतून उपनगरात राहायला आलेल्या मराठी मध्यमवर्गाने आपल्या नव्या गावाच्या दोन मुख्य संस्थांना एकाच माणसाचं नाव दिलं. नेमक्या याच सुमारास, १९२० मध्ये, साष्टीचा दक्षिण भाग ठाण्यापासून तोडून मुंबई उपनगर जिल्हा तयार झाला होता. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर अबकारी खातं प्रांताच्या लोकनियुक्त मंत्र्याकडे आलं होतं. पार्ले-अंधेरीला स्वतःची नगरपालिका मिळाली. शाळा, रस्ते, दिवाबत्ती, पाणी यांचे निर्णय आता पार्लेकरांच्या हाती येऊ लागले. दारूच्या दुकानाचा निर्णय मात्र जिथे होता तिथेच राहिला.

मग १९३० साल उजाडलं आणि पार्ल्याचं नाव देशभर गेलं. मिठाच्या सत्याग्रहासाठी मुंबईच्या उत्तरेला जी छावणी पडली, ती विलेपार्ल्याच्या राष्ट्रीय शाळेत. जमनालाल बजाज, किशोरलाल मश्रूवाला, स्वामी आनंद, गोकुळभाई भट्ट ही मंडळी तिथे होती. जुहूच्या किनाऱ्यावर मीठ करायचं आणि पोलिसांच्या हवाली व्हायचं, असा छावणीचा दिनक्रम. पण या आंदोलनाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची होती. गांधीजींनी एप्रिल १९३० मध्ये दारूच्या आणि परदेशी कापडाच्या दुकानांचं निरोधन स्त्रियांकडे सोपवलं. दुकानासमोर शांतपणे उभं राहून गिऱ्हाइकाचं मन वळवणं हे काम बायकांना अधिक जमेल, अशी त्यांची खात्री होती. मुंबईत पेरिन कॅप्टन, अवंतिकाबाई गोखले, हंसा मेहता यांच्यासारख्या स्त्रिया रस्त्यावर आल्या. चार भिंतींआड वाढलेल्या शेकडो जणींनी त्या वर्षी पहिल्यांदा दुकानाच्या पायरीशी उभं राहून पुरुषांना थांबवलं. ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात सरकारला शांततापूर्ण निरोधन मान्य करावं लागलं, त्यात या स्त्रियांचा वाटा मोठा आहे.

आपल्या वस्तीत दुकान नको, हे सांगण्याचा एक मार्ग लोकांना असा मिळाला. परवान्याच्या टेबलाशी त्यांना बसू दिलं जात नव्हतं, म्हणून ते दुकानाच्या दाराशी उभे राहिले.

१९३७ मध्ये बाळ गंगाधर खेर यांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं आणि दुकानाच्या जागेचा वाद एका फटक्यात संपवायचं ठरलं. अबकारी खातं डॉ. मंचेरशा धनजीभॉय गिल्डर यांच्याकडे होतं. ते हृदयविकाराचे नावाजलेले डॉक्टर, जातीने पारशी. मद्याच्या व्यापारात पारशी समाजाचा मोठा हिस्सा होता, त्यामुळे त्यांना घरच्यांचाच रोष पत्करावा लागला. तरी ते मागे हटले नाहीत. १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहर आणि उपनगरात दारूबंदी लागू झाली. दिवस टिळकांच्या पुण्यतिथीचा होता. बुडणाऱ्या महसुलाची भरपाई म्हणून स्थावर मालमत्तेवर नवा कर बसला आणि मालमत्ताधारकांनी त्याविरुद्ध ओरड केली. महिनाभरात महायुद्ध सुरू झालं आणि नोव्हेंबरमध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. बंदीचं कंबरडं तिथेच मोडलं.

१९४६ मध्ये खेरांचं मंत्रिमंडळ पुन्हा आलं, मोरारजी देसाई गृहमंत्री झाले आणि स्वातंत्र्यानंतर उरलेलं काम पुरं झालं. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि ६ एप्रिल १९५० पासून राज्यभर संपूर्ण दारूबंदी झाली. पार्ल्याच्या दृष्टीने त्या महिन्यात आणखी एक तारीख मोलाची आहे. १५ एप्रिल १९५० रोजी मुंबई महापालिकेची हद्द जोगेश्वरी-भांडुपपर्यंत वाढली आणि पार्ले-अंधेरीची नगरपालिका महापालिकेत विलीन झाली. नऊ दिवसांच्या अंतराने परवानाधारक दुकानंही गेली आणि पार्ल्याची स्वतःची नगरपालिकाही. दुकानं पुढे परत आली. पार्ल्यापुरता निर्णय घेणारं सभागृह परत आलं नाही.

बंदीच्या काळाबद्दल उपनगरातल्या जुन्या माणसांकडे भरपूर सांगण्यासारखं असतं. दारू प्यायची तर परवाना हवा. तो प्रकृतीच्या कारणासाठी डॉक्टरांच्या शिफारशीने मिळे किंवा परदेशी माणसाला मिळे. फ्रॅम नसरवानजी बलसारा यांनी कायद्यालाच आव्हान दिलं. २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अल्कोहोलयुक्त औषधं आणि प्रसाधनांविषयीची कलमं रद्द केली, पण कायद्याचा गाभा कायम ठेवला. ज्यांना परवाना मिळत नव्हता त्यांच्यासाठी हातभट्टी होती. खाडीकाठचं तिवराचं रान, गावठाणातली आतली खोली आणि तिथे काचेच्या ग्लासात मिळणारी गावठी. मुंबईभर अशा घरगुती गुत्त्यांना ‘आंटीचा अड्डा’ हे नाव पडलं, कारण तो चालवणारी बहुतेकदा एखादी विधवा किंवा एकटीने घर ओढणारी बाई असे. ताडीचं झाड ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं त्या भंडाऱ्यांचा धंदा कायद्याने बंद पडला. सरकारने नीरा केंद्रं आणि ताडगुळाच्या योजना पुढे केल्या, पण हजारो कुटुंबांचा हातचा गेलेला व्यवसाय त्यातून भरून निघाला नाही. बंदीचा निर्णय घेतानाही या माणसांना कुणी विचारलं नव्हतं.

साठीच्या दशकात बंदी सैल होऊ लागली आणि सत्तरीच्या सुरुवातीला बरीचशी उघडली. पण सरकारने जुना कायदा रद्द केला नाही. आजही महाराष्ट्रात दारूची विक्री चालते ती १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालीच. म्हणजे नियम बंदीचा आहे आणि परवाना हा त्याला अपवाद. हॉटेलच्या पाटीवर ‘परमिट रूम’ लिहिलेलं असतं ते यामुळे. विदेशी मद्यासाठी पाच रुपयांचा एक दिवसाचा परवाना, देशीसाठी दोन रुपयांचा, अशी सोय कायद्यात अजून आहे. एकवीस वर्षांखालील व्यक्तीला बिअरही विकता येत नाही आणि कडक मद्यासाठी वय पंचवीस लागतं.

हा अपवाद मंजूर करण्याचा अधिकार राज्य उत्पादन शुल्क विभाग आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. १९९० मध्ये मुंबई उपनगर हा पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला, त्यामुळे पार्ल्याची फाईल वांद्र्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जाते. महापालिका उपाहारगृहाला आरोग्य परवाना देते, अग्निशमन दल सुरक्षेची तपासणी करतं. पण या गल्लीत दारू विकली जावी की नाही, यावर महापालिकेच्या सभागृहात मतदान होत नाही. आपण निवडून दिलेला नगरसेवक हे दुकान थांबवू शकेल असं अनेक पार्लेकरांना वाटतं. तो पत्र लिहू शकतो, शिष्टमंडळ नेऊ शकतो. नकार देणं त्याच्या हातात नाही.

त्यात आणखी एक पेच आहे. विदेशी मद्याच्या किरकोळ दुकानांचे, म्हणजे लोक ज्यांना वाईन शॉप म्हणतात त्यांचे, नवे परवाने सत्तरीच्या दशकात थांबवले गेले. राज्यात अशी सुमारे १,७०० दुकानं आहेत. संख्या गोठली, पण दुकानं गोठली नाहीत. मंजुरी घेऊन परवाना एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवता येतो. त्यामुळे सोसायटीखाली रातोरात ‘नवं’ दुकान दिसतं, तेव्हा कायद्याच्या लेखी ते जुनंच असतं, फक्त दुसऱ्या पत्त्यावरून आलेलं. बिअर शॉपींचे परवाने वेगळे आहेत आणि ते मिळत राहिले. किराणा, औषधं आणि दूध यांच्या ओळीत बिअर शॉपी दिसू लागली ती अशी.

लोकांच्या हाती कायद्याने पहिल्यांदा काही दिलं ते २००० नंतर. २००३ च्या आणि पुढे २५ मार्च २००८ च्या आदेशाने गावाला आणि शहरातल्या प्रभागाला दुकान बंद करण्यासाठी मतदान मागता येऊ लागलं. प्रभागातल्या किमान २५ टक्के महिलांनी किंवा मतदारांनी लेखी मागणी केली, सह्यांची पडताळणी झाली, की गुप्त मतदान घेतलं जातं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात: उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून अधिक मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर दुकान बंद. १९३० मध्ये दुकानाच्या पायरीशी उभ्या राहिलेल्या बायकांच्या नातींना हे मतदानाचं रूप मिळालं आणि ग्रामीण महाराष्ट्रात अनेक गावांच्या बायकांनी ते जिद्दीने वापरलं.

मुंबईत मात्र गणित आडवं येतं. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती आणि महापालिकेचे प्रभाग २२७. म्हणजे एका प्रभागात सरासरी ५५ हजार माणसं. गावात सह्या गोळा करायला एक रविवार पुरतो, इथे हजारो दारं ठोठवावी लागतात. शिवाय निम्म्याची अट झालेल्या मतांवर नसून एकूण मतदारांवर आहे. २०१७ च्या महापालिका निवडणुकीत पक्षांनी जीव तोडून प्रचार करूनही सुमारे ५५ टक्के मुंबईकर मतदानाला आले. तितकीच माणसं बाटलीच्या मतदानाला आली, तर आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने आडव्या बाटलीलाच मत द्यायला हवं. जो घरी बसला, तो आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूने मोजला जातो. गावाच्या मापाने शिवलेला हा अंगरखा महानगराला होत नाही, आणि तो बदलणं अवघड नाही. प्रभागाऐवजी दुकानाभोवतीची वस्ती हा मतदानाचा घटक केला आणि झालेल्या मतांचं बहुमत धरलं, तरी चित्र पालटेल.

गेल्या दहा वर्षांत निर्णय कुठून कुठून आले ते पाहिलं की हे अधिक ठळक होतं. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली. पार्ल्याची पूर्व कड म्हणजे पश्चिम द्रुतगती महामार्गच. १ एप्रिल २०१७ पासून राज्यभर हजारो दुकानांचे आणि बारचे दरवाजे बंद झाले. जुलैमध्ये न्यायालयाने शहरांच्या हद्दीतल्या रस्त्यांबाबत खुलासा केला आणि वाट मोकळी झाली. मग मे २०२०. टाळेबंदीत ४ मे रोजी मुंबईतली दारूची दुकानं उघडली, रांगा लांबल्या आणि दुसऱ्याच दिवशी महापालिका आयुक्त प्रवीण परदेशी यांनी ती बंद करण्याचा आदेश काढला. दारूच्या दुकानाबाबत महापालिकेने थेट हुकूम सोडल्याचा हा दुर्मिळ प्रसंग, आणि तोही साथरोगाच्या अधिकारात, प्रशासकीय सहीने.

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केट आणि किमान १०० चौरस मीटरच्या दुकानांत कपाटात वाईन ठेवून विकायला मान्यता दिली. वाइनऱ्यांना आणि द्राक्ष उत्पादकांना बाजार मिळावा, हा त्यामागचा हेतू होता. शाळा आणि धार्मिक स्थळांजवळची दुकानं वगळली होती. तरी वादळ उठलं. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, राळेगणसिद्धीच्या ग्रामसभेने चर्चा केली, सरकारने हरकती मागवल्या, जूनमध्ये सरकारच बदललं आणि निर्णय अंमलात आला नाही. पार्ल्याच्या बाजारपेठेत तांदूळ, साबण आणि बिस्किटांच्या रांगेत वाईनची बाटली आली नाही. ती यावी की न यावी, याची दोन्ही उत्तरं पार्ल्याबाहेर दिली गेली.

मार्च २०२५ मध्ये विधानसभेत उत्पादन शुल्क खातं सांभाळणाऱ्या अजित पवारांनी जाहीर केलं की, गृहनिर्माण सोसायटीच्या आवारात बिअर शॉपी किंवा दारूचं दुकान काढायचं तर सोसायटीचं ना-हरकत प्रमाणपत्र लागेल. परवाना देण्याआधी शेजाऱ्याचं मत, हे तत्त्व यात आहे, आणि म्हणून ही घोषणा मोलाची आहे. पण प्रश्न फक्त त्याच इमारतीचा नसतो. पार्ल्यातले रस्ते अरुंद आहेत. समोरच्या सोसायटीच्या खिडक्या, शेजारच्या शाळेचं फाटक, रात्री दुकानापुढे उभ्या राहणाऱ्या मोटरसायकली, या सगळ्यांचा ना-हरकतीशी संबंध येत नाही. ज्या सोसायटीला गाळ्याचं भाडं मिळतं ती हो म्हणू शकते आणि जिच्या दारात गर्दी होते तिला कागदच दाखवला जात नाही.

परवान्याआधी शेजाऱ्याला विचारण्याची रीत इंग्लंडमध्ये आहे. तिथे दारूच्या परवान्याचा प्रश्न बराच काळ न्यायदंडाधिकाऱ्यांकडे होता. २००३ च्या कायद्याने तो स्थानिक कौन्सिलकडे आला आणि २००५ पासून अंमलात आला. कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानाला बिअर ठेवायची असेल तरी अर्ज कौन्सिलकडे जातो. अर्जदाराला दुकानाच्या दर्शनी भागात फिकट निळ्या कागदावर सूचना लावावी लागते. काय विकणार, किती वाजेपर्यंत विकणार, हरकत कुठे पाठवायची, हे सगळं त्यावर असतं. तो कागद २८ दिवस तिथे राहतो. रस्त्याने जाणारा कुणीही तो थांबून वाचू शकतो, हरकत लिहून पाठवू शकतो, आणि हरकत आली तर समितीपुढे सुनावणी होते. त्या २८ दिवसांत दुकानात एकही बाटली आलेली नसते.